दादाची फाइल आणि केनेडींचा कायदा

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इथे अमेरिकेत, बॉस्टनला, आम्ही सगळे मजेत आहोत. थंडी कडाक्याची आहे, पण घर उबदार आहे, खाणंपिणं वेळच्या वेळी होतं, त्याची काळजी करू नका. रोजचं सगळं फोनवर कळतंच, ते पुन्हा लिहीत नाही. बाबांनी मागच्या रविवारी विचारलं त्याचं उत्तर मात्र फोनवर धड देता येईना. एक तर आवाज तुटतो, आणि तारखा-आकडे तोंडी सांगितले की दुसऱ्या दिवशी त्यांचा घोळ होतो. म्हणून लिहून पाठवतेय. दादाला आणि छोटीलाही वाचायला द्या.

बाबा, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. दादाची फाइल, म्हणजे त्याला इथे कायमचं बोलावून घ्यायचा अर्ज, कधी टाकणार. फाइलसाठी छोटीचं लग्न थांबवायचं का. आणि बॉस्टन हे केनेडींचं गाव, तर भावंडांना बोलावून घ्यायचा कायदा त्यांनीच केला म्हणतात ते खरं का. तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण पहिल्या दोन्हींचं उत्तर त्यातच आहे.

खरं आहे, पण अर्धं. आपल्याकडे केनेडी म्हटलं की डलासमध्ये अध्यक्ष जॉन केनेडींना लागलेली गोळी आठवते. इथे त्या घराण्याची जी खरी शिल्लक आहे ती कायद्याच्या कलमांत आहे, आणि माझ्यासारख्या लाखो लोकांच्या पासपोर्टात आहे. 1946 पर्यंत भारतातून इथे कायमचं राहायला येणं जवळजवळ बंदच होतं. त्या वर्षी दार उघडलं ते किती, तर अख्ख्या हिंदुस्थानसाठी वर्षाला 100 माणसं. तेव्हा प्रत्येक देशाचा कोटा ठरलेला असायचा. 1924 च्या कायद्याने तो असा बेतला होता की उत्तर युरोपातली माणसं भरपूर यावीत आणि बाकीची जवळपास येऊच नयेत. एकट्या आयर्लंडला सतरा हजारांहून जास्त जागा होत्या.

आता हे बघा, केनेडी स्वतः आयरिश. जॉन केनेडींचे पणजोबा पॅट्रिक आयर्लंडच्या दुष्काळाच्या काळात बॉस्टनला आले, लाकडी पिंपं बनवायचे, आणि 1858 मध्ये वारले. पाठीमागे विधवा ब्रिजेट आणि पोरं. तिने छोटं दुकान चालवून मुलांना वाढवलं. आई, मला त्या घराण्यात सर्वांत जास्त आदर तिचाच वाटतो. जुन्या कोट्याचा फायदा आयरिश लोकांना होत होता, आणि तो कोटा मोडायला पुढे आला तो तिचाच पणतू. 23 जुलै 1963 ला जॉन केनेडींनी संसदेला लेखी संदेश पाठवला की देशाच्या नावावरून माणसाची निवड करणं बंद करा. चार महिन्यांत त्यांचा खून झाला. त्यांचे भाऊ रॉबर्ट तेव्हा अॅटर्नी जनरल, म्हणजे कायदा खात्याचे मंत्री होते, त्यांनी समितीपुढे त्याची बाजू मांडली. आणि सिनेटमध्ये ते विधेयक हाकलं धाकट्या टेडने, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. 3 ऑक्टोबर 1965 ला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून अध्यक्ष जॉन्सननी सही केली. तीन भावांनी एकामागून एक खांदा दिला तेव्हा ते झालं.

अर्धं का म्हणाले ते सांगते. भावाबहिणींसाठी जी मोठी वाट ठेवली गेली ती केनेडींच्या मूळ मसुद्यात तशी नव्हती. त्यांचा भर कौशल्यावर होता. संसदेतल्या दुसऱ्या बाजूने क्रम उलटा करून घेतला: आधी नातलग, मग कौशल्य. त्यांचा हिशोब असा की इथे आधीच गोरे युरोपीय जास्त, तेव्हा नातलगही तेच येतील. भावंडांच्या वर्गाला 24 टक्के जागा दिल्या, इतक्या की लोक त्याला 'भावाबहिणींचा कायदा' म्हणू लागले. टेडनीही सिनेटच्या समितीत ग्वाही दिली होती की शहरांत माणसांचा लोंढा येणार नाही, लोकसंख्येचं मिश्रण बदलणार नाही. झालं उलट. युरोपातल्या लोकांना यायची गरज उरली नव्हती, आणि एक भारतीय डॉक्टर किंवा इंजिनिअर आला की काही वर्षांनी भाऊ, मग त्याची बायको, मग तिची बहीण. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना विचारा, कित्येक घरांत पहिला माणूस सत्तरच्या दशकात आलेला सापडेल.

म्हणजे आपण इथे आहोत ते त्या कायद्यामुळे, आणि दादा इतक्यात येऊ शकत नाही तेही त्याच कायद्यामुळे. कोटा काढला, पण त्याच्या जागी सगळ्या देशांना सारखी कमाल मर्यादा घातली. सारखी म्हणजे न्यायाची वाटते, पण आईसलँडला जेवढी तेवढीच भारताला. आज ती 7 टक्के आहे. बाबा, तुम्ही हिशोबाला पक्के आहात, म्हणून आकडे देते: कुटुंबाच्या वर्गांत वर्षाला निदान 2,26,000 व्हिसा, नोकरीच्या वर्गांत 1,40,000. बेरीज 3,66,000. त्याचे 7 टक्के 25,620. कोणत्याही एका देशाला, कुटुंब आणि नोकरी मिळून, सर्वसाधारणपणे इतकेच. भावंडांच्या वर्गाला, ज्याला इथे एफ-फोर म्हणतात, सगळ्या जगासाठी मिळून 65,000. आणि हे मोजताना भावाबरोबर त्याची बायको आणि मुलंही मोजली जातात. चौघांचं कुटुंब आलं की चार जागा गेल्या.

रांग कुठे आहे ते दर महिन्याला परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिनमध्ये छापतं. त्यात देशाच्या रकान्यात एक तारीख असते. त्या तारखेच्या आधी अर्ज केलेल्यांचा नंबर लागला असं समजायचं. 2025 मध्ये भारताच्या एफ-फोरच्या रकान्यात 2006 सालच्या तारखा होत्या. म्हणजे एकोणीस वर्षं. आणि ही तारीख दर महिन्याला महिनाभर पुढे सरकते असं नाही. कधी आठवडाभर सरकते, कधी जागची हलत नाही, कधी मागेसुद्धा जाते, कारण वर्षाच्या जागा संपत आल्या की खातं हात आखडतं. आज अर्ज टाकला तर एकोणीस वर्षांनीच नंबर लागेल असंही धरू नका. मधल्या वर्षांत अर्ज वाढत गेलेत, त्यामुळे जास्तच लागतील. आज दादा एकेचाळीसचा आहे. तो साठीच्या पुढे असेल.

आणि मुख्य म्हणजे दादाच्या मुलाचं. वहिनीला वाटतंय की फाइल टाकली की पोरगा इथे कॉलेजला येईल. तिला हे समजावून सांगा, पण हळुवारपणे. मुलगा वडिलांच्या फाइलवर येऊ शकतो तो एकवीस वर्षांच्या आत आणि अविवाहित असेल तरच. त्यात एक सवलत आहे: नंबर लागेल त्या दिवशीच्या वयातून, आपला अर्ज मंजुरीसाठी स्थलांतर खात्यात जितके दिवस पडून होता तितके दिवस वजा करतात. आज तो अकराचा. समजा वीस वर्षांनी नंबर लागला, तो एकतीसचा. अर्ज आठ वर्षं पडून होता असं धरलं तरी कायद्याच्या हिशोबाने तेवीस. बाद. म्हणून त्याच्या शिक्षणाचं तिथेच ठरवा, फाइलवर विसंबून त्याची एकही वाट बंद करू नका. पुढे त्याला यायचंच असेल तर विद्यार्थी म्हणून स्वतःच्या गुणांवर येईल. तेव्हा राहायला माझं घर आहेच.

फाइल टाकायचीच नाही असं मी म्हणत नाहीये, बाबा. तुम्ही फोनवर म्हणालात, "तुझं तिथे बस्तान बसलं, आता कशाला आठवेल." तसं नाही. अर्ज फक्त नागरिकालाच करता येतो, ग्रीन कार्डवर, म्हणजे कायम राहायच्या परवान्यावर, असताना करताच येत नव्हता. नागरिकत्व मिळून आठ महिने झाले. त्या आठ महिन्यांत मी अर्ज करायला हवा होता, आणि इथे जागा अर्जाच्या तारखेवर ठरते. ते आठ महिने माझ्याकडून गेले. येत्या पंधरा दिवसांत दोन्ही अर्ज जातील, दादाचा वेगळा आणि छोटीचा वेगळा, कारण प्रत्येक भावंडाला स्वतंत्र अर्ज लागतो. वहिनी आणि मुलासाठी वेगळा लागत नाही, त्यांची नावं दादाच्या अर्जात येतात. 2024 च्या एप्रिलपासून फी ऑनलाइन केल्यास 625 डॉलर आणि कागदावर 675. मी ऑनलाइन करणार. दोन्हींचे 1,250 मी बाजूला काढलेत, दादाने एक पैसाही पाठवायचा नाही, हे त्याला माझ्या वतीने ठणकावून सांगा.

तुमच्याकडून लागतील ते कागद असे. माझा, दादाचा आणि छोटीचा जन्मदाखला, नगरपरिषदेचा, आईवडिलांच्या नावांसह. आपण एकाच आईबापांची मुलं आहोत हेच त्यांना बघायचं असतं. फाइली अडकतात त्या नेमक्या इथे. जुन्या दाखल्यांवर मुलाच्या नावाची जागा कोरी असते, नुसतं 'पुरुष' किंवा 'स्त्री' लिहिलेलं असतं. किंवा आईचं माहेरचं नाव एका दाखल्यावर आणि सासरचं दुसऱ्यावर. दादाच्या दाखल्यात असं काही नाही ना ते चष्मा लावून नीट बघा. दाखला नसेल किंवा जन्मानंतर वर्षाहून उशिरा नोंद झाली असेल, तर जोडीला शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माच्या वेळी हयात असलेल्या, प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं लागतात. आत्याचं एक घेता येईल, तिला बाळंतपणाचं सगळं आठवतं. दाखला फक्त मराठीत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर, आणि खाली भाषांतर करणाऱ्याची सही की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व बरोबर आहे. नोटरी लागत नाही, उगीच त्याला पैसे देऊ नका. माझं आडनाव लग्नानंतर बदललंय म्हणून माझ्या लग्नाचा दाखला मी इथून जोडते.

अर्ज गेला की पावती येते. तिच्यावर 'प्रायॉरिटी डेट' म्हणून तारीख असेल. तोच आपला नंबर. तिची प्रत मी पाठवीन, ती जमिनीच्या कागदांबरोबर कपाटात ठेवा, कारण वीस वर्षांनी तीच काढायची आहे. दादाने घर बदललं, मूल झालं, पासपोर्टावरचं नाव बदललं, तर मला लगेच कळवायचं. पत्ता न कळवल्यामुळे नंबर लागूनही पत्र न पोचलेले लोक असतात. आणि एक: फाइल टाकल्यावर दादा कधी पर्यटक म्हणून यायचा झाला, तर फॉर्मवर विचारतात की तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केलाय का. तिथे खरंच 'हो' लिहायचं. त्याने पर्यटक व्हिसा थोडा कठीण होऊ शकतो, कारण अधिकाऱ्याला वाटतं हा परत जाणार नाही. लपवलं तर मात्र कायमचं दार बंद होऊ शकतं. तुम्हा दोघांच्या व्हिसाशी याचा संबंध नाही, तुम्ही निर्धास्त असा.

आता इथल्या एका रीतीबद्दल लिहिते. ती तुम्हाला अजब वाटेल, पण पुढे फाइलला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगते. इथे सरकारी खात्यात कागद अडकला की लोक सिनेटरच्या कार्यालयाला कळवतात. आपल्याकडे आमदाराचं पत्र आणायचं म्हणजे आधी कुणाची तरी ओळख लागते, मग सकाळी लवकर जाऊन बाकावर बसायचं. इथे ओळख विचारतच नाहीत. मत कुणाला दिलं तेही नाही. मत द्यायचा हक्क नसलेला, नुसता त्या राज्यात राहणारा माणूसही विचारू शकतो. सिनेटरच्या संकेतस्थळावर 'सरकारी खात्याशी मदत' असं पान असतं. तिथून एक संमतीपत्र घ्यायचं. 1974 च्या गोपनीयता कायद्यामुळे तुमच्या सहीशिवाय खातं तुमची माहिती सिनेटरलाही देऊ शकत नाही, म्हणून सही आधी. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता, पावतीचा क्रमांक, आणि काय अडलंय ते दहाबारा ओळींत. राग नको, इतिहास नको, फक्त तारखा. मग तिथला कर्मचारी, ज्याला केसवर्कर म्हणतात, खात्याच्या संसद-संपर्क कक्षाला चौकशी पाठवतो. उत्तर साधारण महिन्याभरात येतं. सिनेटर आणि खालच्या सभागृहातला प्रतिनिधी दोघांकडे एकदम अर्ज करायचा नाही, त्याने दोन चौकशा एकमेकींत गुंततात. पैसे नाहीत, पेढे नाहीत, भेटवस्तू दिली तरी नियमाने घेता येत नाही. आणि हे नीट लक्षात ठेवा: ते रांग मोडू शकत नाहीत, निकाल बदलू शकत नाहीत. हरवलेला कागद शोधून देतात, चुकीच्या टेबलावर गेलेली फाइल योग्य टेबलावर आणतात, गंभीर आजारपण असेल तर तातडीची विनंती खात्यापर्यंत पोचवतात. अर्धी कामं तेवढ्यानेच होतात.

या कामात टेड केनेडींच्या कार्यालयाचं नाव फार मोठं होतं. त्यांचं बॉस्टनमधलं कार्यालय थोरल्या भावाचं नाव दिलेल्या सरकारी इमारतीतच होतं. सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या मृतांच्या घरी स्वतः फोन केले, आणि नंतर त्या कुटुंबांच्या कामांसाठी आपली माणसं दिली. 1962 पासून 2009 मध्ये जाईपर्यंत, जवळजवळ 47 वर्षं ते सिनेटर होते. त्यांची चूकही लपलेली नाही. 1969 मध्ये चॅपाक्विडिकला त्यांची गाडी पुलावरून पाण्यात गेली, बरोबरची तरुणी बुडून मेली, आणि त्यांनी पोलिसांना कळवलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. इथले लोक ते विसरलेले नाहीत, आणि मलाही ते माफ करता येत नाही. पण फाइल अडलेल्या माणसासाठी त्यांच्या कार्यालयाने केलेलं कामही खरं आहे.

बाबा, तुम्हाला 1971 आठवत असेल. निक्सन सरकार पाकिस्तानच्या बाजूने असताना ऑगस्टमध्ये हाच टेड केनेडी पश्चिम बंगालच्या निर्वासित छावण्यांत चिखलातून फिरत होता, आणि परत येऊन त्याने आपल्याच सरकारविरुद्ध अहवाल दिला. पुढच्या फेब्रुवारीत तो ढाक्याला गेला. विद्यापीठातला जुना वड पाकिस्तानी सैन्याने तोडला होता, त्या जागी त्याने वडाचं रोप लावलं. तो वड आता मोठा झालाय.

आणि ज्याला मी 'भावाबहिणींचा कायदा' म्हटलं, त्यातली भावंडांची वाट बंद करायला 2007 मध्ये स्वतः टेडच तयार झाले होते. गुणांवर निवड आणायची, कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या लाखोंना कायदेशीर करायचं, आणि बदल्यात एफ-फोर बंद, असा तो सौदा होता. 28 जूनला तो सिनेटमध्ये पडला. 2013 मध्ये पुन्हा तसाच प्रयत्न झाला, त्याचाही कायदा झाला नाही. म्हणजे ही वाट केव्हाही बंद होऊ शकते. पण दोन्ही वेळा मसुद्यात एक गोष्ट होती: आधीच रांगेत असलेल्यांसाठी काहीतरी सोय. 2007 च्या मूळ मसुद्यात 1 मे 2005 आधीचे अर्ज वाचत होते, नंतरचे नाही. म्हणूनच मी आता उशीर करत नाही. वीस वर्षांनी दादा येवो न येवो, तारीख आपल्या हातात असलेली बरी.

आई, तू मागे म्हणालीस की त्या घराला शाप आहे, तिथे राहून त्यांचं नाव घेऊ नको. शाप नाही गं. जॉन आणि टेडची बहीण रोझमेरी, घरातली थोरली मुलगी, जन्मतः मंद होती. 1941 मध्ये बापाने डॉक्टरांचं ऐकून तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवली, आईला न सांगता. पोरगी तेवीस वर्षांची. त्यानंतर तिला धड चालता-बोलता येईना, आणि 2005 मध्ये जाईपर्यंत ती घरापासून लांब संस्थेतच राहिली. हा शाप नाही, हा माणसांनी घेतलेला निर्णय होता. तिची बहीण युनिस हिने मग अशा मुलांसाठी आपल्या घराच्या आवारात शिबिर सुरू केलं, आणि 1968 मध्ये शिकागोला पहिली स्पेशल ऑलिंपिक्स भरवली. आज आपल्याकडची मुलंही त्यात खेळतात. काकूला सांग, तिच्या नातवासाठी त्या खेळांची चौकशी जरूर कर म्हणावं.

तू लसींचंही विचारलंस. आताचा आरोग्यमंत्री त्याच घरातला, रॉबर्टचा मुलगा. लसींबद्दल तो जे बोलतो त्याला त्याच्या चुलतबहिणीनेच, जॉन केनेडींच्या मुलीने, सिनेटला पत्र लिहून जाहीर विरोध केला होता. तुझ्या नातीच्या सगळ्या लसी वेळच्या वेळी झाल्यात. शाळेत घालायला कोणत्या लसी लागतात ते इथे राज्य ठरवतं. तू काळजी करू नकोस.

आणि जावयांच्या नोकरीचं ऐकून तुम्ही घाबरलात ते मला कळलं. नोकरी शाबूत आहे. समजा गेलीच, तरी औषधपाण्यावाचून राहणार नाही. 1996 मध्ये टेड केनेडी आणि कॅन्ससच्या एका रिपब्लिकन बाईंनी मिळून केलेल्या कायद्यामुळे नोकरी बदलताना जुन्या आजाराचं कारण सांगून नव्या कंपनीचा विमा नाकारणं कठीण झालं. शिवाय इथे मॅसॅच्युसेट्स राज्यात 2006 पासून प्रत्येकाला विमा मिळावा असा कायदा आहे. नोकरी सुटली की साठ दिवसांत जुनाच विमा पुढे चालू ठेवता येतो, पण तो महाग पडतो, कारण कंपनीचा हिस्साही आपणच भरायचा. राज्याच्या विमा-बाजारातून घेतलेला बहुतेक वेळा स्वस्त. आम्ही दोन्हींचे दर काढून ठेवलेत.

इथे समुद्राच्या काठावर जॉन केनेडींचं संग्रहालय आहे. तिथे एका काचेत नारळाचा तुकडा ठेवलाय. बाबा, तुम्ही आलात की आधी तिथे नेईन. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट 1943 मध्ये, जपानी विनाशिकेने त्यांची छोटी लढाऊ बोट मधोमध कापली. तेरापैकी दोघे गेले, अकरा पोहत बेटावर पोचले. कागद नव्हता, म्हणून केनेडींनी चाकूने नारळावर निरोप कोरला: अकरा जिवंत, छोटी होडी हवी, वाट या माणसाला ठाऊक आहे. सॉलोमन बेटांवरच्या दोन स्थानिक माणसांनी तो नारळ होडीतून शत्रूच्या पाण्यातून पलीकडे नेला. पुढे अध्यक्ष झाल्यावर तोच तुकडा लाकडात बसवून त्यांनी टेबलावर ठेवला, कागद उडू नयेत म्हणून. अक्षरं वाकडीतिकडी, सगळी मोठ्या लिपीतली, तपकिरी पडलेली. आपल्या परसात पावसात पडून राहिलेल्या नारळाचा रंग येतो ना, अगदी तोच.

आता तुमचं दोघांचं. आईवडिलांना रांग नाही. नागरिकाच्या आईवडिलांना संख्येची मर्यादाच नसते. मी अर्ज केला तर वर्ष-दीड वर्षात, फार तर दोन वर्षांत तुम्ही इथे असाल. ते मी केलेलं नाही म्हणून आई नाराज आहे, मला माहीत आहे. पण ग्रीन कार्ड घेतलं की इथेच राहावं लागतं. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की विमानतळावर प्रश्न, वर्षाहून जास्त राहिलं तर कार्डच धोक्यात. मोहोर आल्यावर फवारणीला, मग आंब्याला, मग पावसाळ्यात कलमं भरायला, बाबा बागेत नसतील असं वर्ष मला दिसत नाही. पासष्टीनंतर आलेल्यांना पहिली पाच वर्षं सरकारी मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा आरोग्य विमा, विकतही मिळत नाही, तोवर खाजगी विमा. त्यामुळे मी तुमच्या उत्तराची वाट बघत होते. तुम्ही 'हो' म्हणा, मी दुसऱ्या दिवशी अर्ज करीन. तुम्ही 'नाही' म्हटलंत तरी मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

छोटीच्या लग्नाचं. ज्याने कुणी सांगितलं की लग्न झालं की फाइल रद्द होते, त्याने दोन वर्ग एकत्र केलेत. ग्रीन कार्डवाल्या आईबापांनी मुलीसाठी केलेली फाइल तिच्या लग्नाने रद्द होते. बहिणीने बहिणीसाठी केलेली होत नाही. लग्न झालं तर नवराही त्यातच बसतो. म्हणून मुहूर्त काढा. मुलगा चांगला आहे, तिलाही आवडलाय, वीस वर्षांच्या रांगेसाठी एक दिवससुद्धा थांबू नका. आणि मुलाकडच्यांना फाइलचं आमिष म्हणून सांगू नका, कुणी विचारलं तर खरी वर्षं सांगा.

लग्नाला मी येणार. दहाच दिवस मिळतील, त्यात देवक बसवण्यापासून पाठवणीपर्यंत असेन. मागच्या गणपतीला आले नाही, त्याच्या आधीच्या वर्षीही नाही, हे आईने बोलून दाखवलं नाही म्हणून मला कळत नाही असं नाही. पाच लाख या महिन्यात दोन हप्त्यांत पाठवते. त्यातले तीन लग्नाचे, दोन पडवीच्या कौलांचे. लग्नात कमी पडले तर कौलांचे वापरा, पण मग पावसाळ्याआधी मला सांगा, गळक्या पडवीत राहू नका.

आजोबांच्या फोटोला माझा नमस्कार. वहिनीला, दादाला आशीर्वाद नाही, नमस्कार, आणि पोराला गोड पापा.

तुमची,
लेक

ता. क. दादाच्या जन्मदाखल्याचा फोटो काढताना चारही कोपरे आणि मागची बाजू दोन्ही येऊ द्या. मागे शिक्का असतो.